सातवा घास

२४ सप्टेंबर १९७८, रविवार. संतपूर.

ही डायरी १९७६ ची आहे. उदगीरच्या बियाणाच्या दुकानदारानं उरलेली म्हणून दिली. छापलेले वार सगळे चुकीचे, ते खोडून मी बरोबर वार लिहिणार. तारखेच्या बाबतीत माणसानं चोख असावं. बाकी माझं कशातच काही चोख नाही.

कमलनगरची तंबू टॉकीज पावसानं बसली. मी तिची पोस्टरं चिकटवायचो. मालक म्हणाला, दिवाळी झाल्यावर बघू. मधले दिवस कोहिनूरला घरी जावं, तर तिथं चंद्रम्मा. तिचा बाप मला तोंडावर म्हणाला होता, "खळ लावणाऱ्याला पोरगी देऊ कामून?" आता तिचं दुसरीकडं ठरायलंय, असं एका जीपवाल्यानं सांगितलं.

त्यानंच ह्या म्हातारीचं नाव काढलं. मल्लव्वा. गावाबाहेर शेतात राहते, दर अमावस्येला देवीचं काहीतरी करते, मेलेल्यांशी बोलते, गेलेल्यांना बोलावते. लोक चेटकीण म्हणतात. मेलेल्यांचं मला काही नको. पण गेलेलं माणूस बोलावता येत असेल तर शिकून घ्यायला काय हरकत आहे?

येताना एका गाढवाच्या पाठीवर मैना बसून त्याच्या कानातलं काढत होती. अर्धा तास तेच बघत बसलो, म्हणून पोचायला उशीर झाला.

२७ सप्टेंबर, बुधवार.

चौकातल्या दुकानदाराला विचारलं. हावगेप्पा नाव, पोट काउंटरवर ठेवून बसतो.

"विद्या शिकायला आलास?" तो इतका हसला की तराजू हलला. "जा की मग. तिचा मंतर कागदावर लिहिलेला हाय, तम्मा. वाचता येतंय न्हवं?"

"येतं. सातवीपर्यंत कन्नड शाळेत होतो. मराठी घरची."

हसू तिथंच थांबलं. "वाचायला लावली तर हळू वाच," एवढंच म्हणाला आणि पोत्यातली तूर खालीवर करायला लागला.

म्हातारी हडकुळी, पण उभी राहते खांबासारखी.

"कामून आलास?"

"अमावस्येची विद्या शिकायची आहे, अव्वा."

"कोन गेलंय तुझं?"

मी चंद्रम्माचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसली नाही. मग म्हणाली, "पैलं खुरपं धर. माझं काम झालं की तुझं बघू."

२ ऑक्टोबर, सोमवार. अमावस्या.

पाच दिवस तण काढलं. कंबर गेली.

शेताच्या मधे लिंबाच्या झाडाखाली पाच दगड आहेत. सगळ्यांच्या शेतात असतात तसे, पांडव. त्यांच्या मागं एक गोल काळा दगड, ती देवी. लक्ष्मी म्हणते म्हातारी. दगडाला चुना नाही, शेंदूर नाही, डोळेसुद्धा काढलेले नाहीत.

"हिला डोळे कामून नाहीत?"

"अवसेची हाय ती. तिला बघायचं नसतंय. ऐकायचं असतंय."

पिठलं-भाकरीचे घास केले आणि एका ओळीत देवीपुढं मांडले. सात. दगड पाच, देवी एक, मग सात कसे? विचारलं तर म्हणाली, "तू खुरपं धुतलास का?"

मग मला बांधावर बसवलं आणि रस्त्यानं चाललेल्या एका कासाराला हाक मारली. त्यानं बांगड्यांची पेटी उतरवली, पाय धुतले. तिनं देवीच्या टोपलीतून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ वाचत होता. मला लांबून शब्द कळले नाहीत. म्हातारी डोळे मिटून डोलत होती. शेवटी तिनं कागद देवीला टेकवून परत ठेवला आणि कासार डोळे पुशीत पेटी उचलून गेला.

नक्की मंत्रच. जबर असणार. बाप्या माणूस रडला.

१५ ऑक्टोबर, रविवार.

काही नाही. म्हातारी मला दोन वेळ जेवायला घालते. मी भाकरीचा पापुद्रा आधी खातो. ते बघून म्हणाली, "अमृतबी तसंच करायचा." अमृतप्पा तिचा मुलगा. कालव्याच्या कामाला गेला त्याला नऊ वर्षं झाली. "पत्र येतं का?" म्हटलं. "येतंय की. एकच आलंय, पन अजून संपलं न्हाई."

बायकांचं बोलणं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळीची अमावस्या.

हे लिहू का नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

आज घास मांडून झाल्यावर तिनं कागद माझ्या हातात दिला. "आज तू वाच, तम्मा."

मला वाटलं, मिळाली विद्या. घडी उघडली. घडीघडीला भोकं पडलेली. चार ओळी, कन्नडात. कालव्याचा काठ कोसळला. सात माणसं गाडली गेली, त्यात अमृतप्पा. तिथंच माती दिली. ११ मार्च १९६९. खाली ठेकेदाराच्या मुनशीची सही.

मंत्र नव्हता.

म्हातारी डोळे मिटून बसलेली. चेहऱ्यावर असं काही, जसं तंबूत दिवे जाऊन पडद्यावर चित्र लागायच्या आधी पोरांच्या चेहऱ्यावर असतं. तिला वाचता येत नाही. नऊ वर्षं हा कागद तिनं देवीपाशी ठेवलाय आणि तिला माहीतच नाही! कासार का रडला, ते आता कळलं.

मी काय करायला पाहिजे होतं? मी वाचायला लागलो. मराठीत, मनचंच. "आईस अमृतप्पाचा नमस्कार. मी बरा आहे." ती डोलायला लागली. मला जोर आला. इथं पाणी गोड आहे, मुकादम चांगला आहे. मग वाटलं, हिला एकदाच काय ते भरपूर देऊन टाकावं. खूश होईल, माझंही काम करील. दोन महिन्यांनी येळामावस्या, शेतातला सण; तोवर मी कुठं असणार? म्हणून म्हणालो, "येळामावस्येला मी घरी येतो. शेतात कडब्याचा कोप बांधून ठेव."

डोलणं थांबलं. तिनं डोळे उघडले.

"काय लिव्हलाय?"

"येळामावस्येला येतो."

"तारीख हाय?"

मी मनात हिशेब केला. "एकोणतीस डिसेंबर."

"परत वाच."

तीन वेळा वाचायला लावलं. मग उठली, आणि घास तसेच ठेवून घराकडं चालत गेली. कागद देवीला टेकवायलाही विसरली.

१ नोव्हेंबर, बुधवार.

हावगेप्पाकडं गेलो. विडी मागितली, त्यानं दिली.

"वाचलास म्हनं काल. काय वाचलास?"

सांगायची लाज वाटत होती, पण त्यानंच सुरुवात केली. "मी वाचलो तवा अमृतानं गुलबर्ग्याला किराणा टाकला व्हता. आपल्याला दुसरं काय सुचनार? मास्तर वाचले तवा लगीन लावले. त्या कासारानं तर पोरगी घातली त्येच्या पदरात, बांगड्या लागतात म्हने चिमुकल्या. दर अवसेला कुनीतरी वाचतंय. खरं वाचायला जीभच वळत न्हाई, बघ. नऊ वर्सं झाली, आख्ख्या गावानं मिळून संसार मांडून दिलाय त्येचा."

"आणि पहिल्यांदा कोणी वाचलं?"

"पोस्टमन पिराजीनं. त्यानं काय वाचलं कुनाला म्हाईत न्हाई. तो त्यावर बोलत न्हाई. तू काय वाचलास?"

"येळामावस्येला येतो म्हणून."

हावगेप्पा काउंटरवरून उठला. त्याला उठलेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

"तारीख दिलास?"

मी मान हलवली.

"अरे येड्या! काय बी दे. दुकान दे, गाडी दे, चार पोरं दे. तारीख द्यायची न्हाई! एवढं बी कळत न्हाई व्हय? आजवर एकानं दिली न्हाई."

मला कोणी सांगितलं होतं? लिहून ठेवतात का कुठं असलं?

३० नोव्हेंबर, गुरुवार. अमावस्या.

महिनाभर पळून जायचं ठरवलं, गेलो नाही. म्हातारी बदलून गेलीय. घर सारवलं, न्हाणीचा दगड बसवला. एक जुनं धोतर काढून धुतलं, वाळवलं, परत धुतलं. वाटेत भेटेल त्याला सांगते, "आमचा अमृत येयलाय." लोक म्हणतात, "बरं झालं बघ, मल्लव्वा," आणि माझ्याकडं बघतात.

आज कागद काढलाच नाही. "तारीख कळली की. आता कशाला वाचायचा?"

घास मांडले. सहाच. पीठ उरलेलं होतं, तरी सहाच. विसरली असेल. कामाच्या गडबडीत माणूस विसरतं.

५ डिसेंबर, मंगळवार.

तोड सुचली! अमृतप्पाच्या नावानं कार्ड टाकायचं. काम निघालं, यायला जमत नाही, पुढं कधीतरी येईन. इथून टाकलं तर पिराजी ओळखेल, शिक्काही इथलाच बसेल. गुलबर्ग्याला जाऊन टाकायला पाहिजे.

हावगेप्पा म्हणाला, "ह्ये बरं हाय. पन सरळ जा. कुठं थांबू नको."

कार्ड लिहिलं. अक्षर मोठं काढलं, मजुराचं वाटावं असं. लिहिताना वाटलं, चार वर्षांत मी घरी असलं एक कार्ड टाकलेलं नाही. मग वाटलं, ते नंतर.

११ डिसेंबर, सोमवार. कोहिनूर.

हुमनाबादला गाडी बदलताना गावचा माणूस भेटला. म्हणाला, "तू इथं? आज तर चंद्रम्माच्या अक्षता." पुढचं मला आठवत नाही. ट्रकमधे उभा राहून आलो.

मांडवाच्या बाहेर उभा राहिलो. ती हसत होती. खोटं नाही, चांगली हसत होती. कोणीतरी माझ्या हातात अक्षता दिल्या, त्या मी टाकल्या. नवरा उंच आहे, शिक्षक आहे.

आमचं घर चार गल्ल्या पलीकडं. गेलो नाही. आईला कोणी सांगितलं असेल, राघोबा आला होता म्हणून.

१९ डिसेंबर, मंगळवार. भालकी.

तंबू इथं लागलाय. मालकानं परत घेतलं. नवीन इंजिन आलंय, आवाज बैलाच्या धापेसारखा. दिवसभर पोस्टरं लावतो. डोकं चालत नाही तेच बरं.

२६ डिसेंबर, मंगळवार. भालकी.

आज शर्ट धुवायला घेतला. खिशात कार्ड.

खळीनं चिकटून वाळलेलं. "काम निघालं, यायला जमत नाही." पत्ता माझ्याच अक्षरात.

आता टाकून पोचणार नाही. मलाच पोचायला पाहिजे.

२८ डिसेंबर, गुरुवार. संतपूर.

ठरवून आलो की शेतात पाय ठेवायचा आणि खरं सांगून टाकायचं.

म्हातारी चुलीपुढं उंडे वळत होती, बाजरीचे. मडक्यात अंबील आंबत ठेवलेली. भज्जीसाठी वाटाणा, तूर, हरभरा, पावटा, कांद्याची पात, सगळ्याचे ढीग. वीस माणसं जेवतील.

"आलास? बरं झालं. कोप नीट बांधलाय का बघून ये. गड्यानं कडबा तिरपा लावला असंल. अमृताला तिरपं खपत न्हाई."

"अव्वा, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"तो... रस्त्यानं उशीर होईल कदाचित."

"होऊ दे. घरचाच सण हाय. त्येच्या उंड्यात गूळ जास्ती घातलाय, ह्यो बाजूला ठेवते." एक उंडा तिनं वेगळ्या वाटीत ठेवला. "तुझं बी बघायचं हाय मला, इसरले न्हाई. तुझी ती कोन पोरगी?"

"झालं तिचं लग्न."

तिनं पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी तसाच बसून राहिलो. सांगितलं नाही.

२९ डिसेंबर, शुक्रवार. येळामावस्या.

सगळा शिवार माणसांनी फुललेला. शेताशेतात कोप, धूर, पोरांचा कालवा. आमच्या कोपात पाच पांडवांना चुना आणि मागं काळी देवी. आज तिच्यापुढंही सहाच घास.

अंबिलाचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं असतं. पुढचा लिंबाच्या डहाळीनं अंबील शिंपडत ओरडतो, "वलगे वलगे!" मागचा म्हणतो, "सालम पलगे!" अर्थ कोणाला माहीत नाही, पण हाकेला घरच्या माणसाचं उत्तर लागतं. नऊ वर्षं म्हातारीनं फेरी घातलेली नव्हती. आज मडकं डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहिली, संतपूरच्या रस्त्याकडं तोंड करून.

सकाळची गाडी आली, धूळ उडाली, गेली. दुपारची आली. भज्जी गार झाली. आजूबाजूच्या कोपातली माणसं जेवायची थांबली. कोणी कोणाला काही म्हटलं नव्हतं, पण एकेक जण येऊन बांधावर उभा राहिला. हावगेप्पा आला. मास्तर आले. पिराजी खाकी सदऱ्यातच आला. हावगेप्पानं तिच्या डोक्यावरचं मडकं उतरवायला हात पुढं केला. ती म्हणाली, "हात नको लावू, अण्णा. अजून एक गाडी हाय."

ती पण आली. त्यातून दोन बायका आणि एक शेळी उतरली.

दिवस कलायला लागला तशी तिनं मडकं खाली ठेवलं, कोपात गेली, टोपलीतून कागद आणला आणि माझ्या हातात दिला.

"आता खरं वाच."

मी घडी उघडली.

"वाच रे तम्मा. देवी ऐकायलीय."

मी वाचलं. जसं लिहिलंय तसं, कन्नडात. काठ कोसळला. सात माणसं. त्यात अमृतप्पा. तिथंच माती दिली. तारीख. सही. एवढीशीच आहे ती चिठ्ठी, आठ श्वासांत संपली.

मला वाटलं, ती कोसळेल. ती पिराजीकडं बघत म्हणाली, "शब्द न शब्द त्योच हाय का न्हाई?"

पिराजीनं टोपी काढली. "व्हय अक्का. त्या दिवशी मी असंच वाचलो व्हतो." मग आमच्याकडं वळून, जसा काही गुन्हा कबूल करावा तसं म्हणाला, "मी खरंच वाचलो व्हतो. पैल्या दिवशीच. तिनंच सांगितली, कुनाला बोलू नको म्हनून."

मास्तर खाली बसले.

"म्हाईत होतं, अव्वा?" मी म्हणालो. "मग दर अवसेला वाचून कशाला..."

"तुमच्या तोंडून अमृत वाढत व्हता की रे लेकरा." आवाज चढला नव्हता, रडका नव्हता. "मेलेलं मला म्हाईत, मी त्येला घास घालायची. तुमी वाचायचा, तेवढा वेळ ते दुकानात बसायचं, लगीन करायचं, पोरगी खेळवायचं. घटकाभर. मग मी कागद ठेवून घराकडं जायची. माझा हिशेब चुकत नव्हता." ती थांबली. "तू तारीख दिलास. तवापस्नं मला खरंच वाटाय लागलं. दोन म्हैने मी इसरले, तम्मा. घासबी घातले न्हाई त्येला. दोन अवसा उपाशी ऱ्हायलं माझं पोर."

ती कोपात वाकली. वाटीत बाजूला ठेवलेला गूळ जास्तीचा उंडा घेतला, मोडला, आणि त्यातला घास ओळीच्या शेवटी ठेवला. मी मोजले.

मग मडकं डोक्यावर घेऊन निघाली. पिकाच्या कडेनं एकटी, डहाळीनं अंबील शिंपडत. "वलगे वलगे!"

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. तिनं मागं न बघताच हात वर केला. थांब. तू न्हाई.

चार पावलं तशीच गेली. मग तिनंच उत्तर दिलं, जाड आवाजात, बाप्याच्या. "सालम पलगे!"

परत आपल्या आवाजात, "वलगे वलगे!" परत त्या आवाजात, "सालम पलगे!" अख्खी फेरी. शिवारात दुसरा आवाज नव्हता.

दिवेलागणीला कडब्याची चूड पेटवून गव्हाभोवती फिरवतात. तिनं काडी आधी कागदाला लावली, मग कडब्याला.

३० डिसेंबर, शनिवार.

सकाळी तिनं मला भाकरी बांधून दिली. पापुद्रा वेगळा काढून वर ठेवलेला.

"अव्वा, मी थांबतो. पुढच्या अवसेला वाचीन. तोंडपाठ आहे मला. दुकान, पोरगी, सगळं."

"कुनीच वाचायचं न्हाई आता. ऐकू येईनासं झालंय मला." आणि थोड्या वेळानं, "तुझ्या आईला तारीख दिलायस का कधी?"

"नाही."

"देऊ नको. नुसता जा."

हावगेप्पानं विडी दिली. बस आली.

 

ह्या पानावर छापलेली तारीख आहे, ती खोडली. बरोबर कुठली ते लिहीत नाही. वारही लिहीत नाही.

कोहिनूरची गाडी दोनदा गेली. दोन्ही वेळा मी पोस्टर लावत होतो.

आज अमावस्या आहे, एवढं मालकाच्या बायकोनं नारळ फोडला त्यावरून कळलं. आत्ता तिकडं सात घास मांडून झाले असतील. रस्त्यानं जाणाऱ्याला ती हाक मारणार नाही.

म्हणून इथं तंबूमागं बसून मीच वाचतोय. कागद नाही, पण लागत नाही.

आईस अमृतप्पाचा नमस्कार. मी बरा आहे. दुकान ठीक चाललंय. पोरगी पहिलीत गेली, पाटीवर तुझं नाव काढते. इथं पाणी गोड आहे. भाकरीचा पापुद्रा अजून मी आधीच खातो.

येईन कधीतरी.